तुमच्याकडे पिक्चर आहे की नुसती डिस्क?



सणासुदीचा सीझन जवळ आला की बिझनेस शिकवणाऱ्यांच्या व्हिडिओत एक गोष्ट हमखास येते. डिस्नेच्या तिजोरीची. ती अशी सांगतात: डिस्नेवाले आपले जुने कार्टून पिक्चर काही महिने व्हिडिओ कॅसेटवर, नंतर डीव्हीडीवर विकायचे आणि मग बाजारातून गायब करायचे. पुढची सात-आठ वर्षं तो पिक्चर विकत मिळायचाच नाही. पुन्हा आला की लोकांची झुंबड उडायची. आणि मग शेवटी धडा: "तुम्हीपण माल कमी दाखवा, दुकानावर 'शेवटचे दोन दिवस' लिहा, बघा गिऱ्हाईक कसं धावत येतं!"

गोष्ट खरी आहे. धडा मात्र मला पटत नाही. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराने तो तसाच्या तसा उचलला तर दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक तुटतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या तिजोरीतून शिकण्यासारखं भरपूर आहे, पण ते वेगळंच आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या दिवाळीचा माल भरायच्या तयारीत आहेत. कोणी मुद्राचं पन्नास हजारांचं शिशु कर्ज काढलंय, कोणी घरातले पैसे लावतंय. म्हणून ही गोष्ट आज नीट, मुळापासून बघू.

तिजोरी सुरू कशी झाली

डिस्नेचा 'स्नो व्हाइट' हा पिक्चर डिसेंबर १९३७ मध्ये आला आणि जोरात चालला. त्यानंतर १९४० मध्ये 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' आले. त्यांच्यावर प्रचंड खर्च झाला होता, पण युरोपात महायुद्ध पेटलेलं, तिथला बाजार बंद. पैसा अडकला. मग कंपनीने १९४४ मध्ये 'स्नो व्हाइट' पुन्हा थिएटरमध्ये लावला. नवीन पिक्चर बनवायचा खर्च नाही, फक्त प्रिंट काढायच्या आणि जाहिरात करायची. पैसा आला.

इथे त्यांना एक गोष्ट कळली, आणि सगळ्या धंद्याची चावी तीच आहे. १९३७ मध्ये ज्यांनी पिक्चर पाहिला ती पोरं आता मोठी झाली होती. आणि १९४४ मध्ये जी पोरं सहा-सात वर्षांची होती, त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता! त्यांच्यासाठी तो कोरा करकरीत नवा पिक्चर होता. त्यानंतर १९५२, १९५८, १९६७, १९७५ असा तोच पिक्चर पुन्हा पुन्हा लागत राहिला. दर वेळी पोरांची नवीन बॅच.

मग व्हीसीआर आला. आता गंमत बघा. डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन कंपन्यांनी १९७६ मध्ये सोनीवर केस टाकली होती. म्हणणं असं की लोक घरी बसून टीव्हीवरचं रेकॉर्ड करणार, मग आमचं कसं व्हायचं? १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सोनीच्या बाजूने निकाल दिला. आणि त्याच वर्षी डिस्नेने आपल्या क्लासिक कार्टून पिक्चरची कॅसेट-मालिका बाजारात आणली. पहिला 'रॉबिन हूड', मग १९८५ मध्ये 'पिनोकिओ'. कंपनीतल्याच काही लोकांना भीती होती की कॅसेट घरात गेली तर थिएटरची सात वर्षांची साखळी तुटेल. त्यावर तोडगा म्हणजे तिजोरी. थोडे दिवस विकायचं आणि परत आत ठेवायचं.

'पिनोकिओ'ची कॅसेट सुरुवातीला जवळपास ८० डॉलरला होती. तेवढ्या किमतीत ती व्हिडिओ लायब्ररीवालेच घेणार, घरचा माणूस नाही. त्याच वर्षी सणाच्या सीझनला किंमत ३० डॉलरच्या आत आणली, आणि कॅसेट घराघरात गेली. माल तोच, पण गिऱ्हाईक बदललं तशी किंमत बदलली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे चाललं कशामुळे?

'टंचाईमुळे' असं उत्तर सगळे देतात. मला तीन कारणं दिसतात, आणि त्यातलं एकच टंचाईचं आहे.

पहिलं कारण: गिऱ्हाईक आपोआप नवीन होत होतं. दर सात वर्षांनी पोरांची नवीन पिढी. शिवाय विकत घेणारे आईबाप म्हणजे मागच्या वेळची पोरं. त्यांना पिक्चर माहीत, त्यावर विश्वास, म्हणून पोराला दाखवायची हौस. जाहिरातीचं निम्मं काम आठवणीच करायच्या.

दुसरं कारण: दर वेळी माल थोडा सुधारून यायचा. १९९३ मध्ये 'स्नो व्हाइट'ची सगळी फिल्म कॉम्प्युटरमध्ये स्कॅन केली, एकेका चित्रावरची धूळ आणि ओरखडे काढले आणि परत फिल्मवर घेतलं. संपूर्ण पिक्चर अशा पद्धतीने दुरुस्त झालेला तो पहिलाच. त्यानंतर १९९४ मध्ये तो पहिल्यांदा कॅसेटवर मिळाला. २००१ मध्ये डीव्हीडी, २००९ मध्ये ब्ल्यू-रे. डीव्हीडीवर पिक्चर कसा बनला याची माहिती, खेळ, जुनी चित्रं. ज्याच्या घरी कॅसेट होती त्यालाही पुन्हा पैसे द्यायला काहीतरी कारण मिळत होतं.

तिसरं कारण: माल दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. डिस्नेने 'स्नो व्हाइट' आत ठेवला की कायदेशीर कॅसेट बनवू शकणारा जगात दुसरा कोणी नाही. टंचाई तेव्हाच चालते जेव्हा नळ तुमच्याच हातात असतो.

आता स्वतःला विचारा. तुम्ही पडेगावात गिफ्टचं दुकान टाकलंय. 'मर्यादित साठा' असा बोर्ड लावलाय. तोच माल छावणीत मिळतो, गुलमंडीवर मिळतो, पैठण गेटला मिळतो आणि मोबाइलवर तर उद्या घरपोच. नळ तुमच्या हातात आहे का? नाही. मग टंचाई कसली? गिऱ्हाईक दोन किलोमीटर पुढे जाईल, विषय संपला.

सीताफळाला बोर्ड लागत नाही

आमच्या पडेगाववरून दौलताबादकडे जाणारा रस्ता तुम्हाला माहीत असेल. पावसाळा संपत आला की त्या रस्त्याला सीताफळाच्या पाट्या घेऊन बायाबापड्या बसलेल्या दिसतात. 'शेवटचे दोन दिवस' असा बोर्ड कोणी लावलेला पाहिलाय? गरजच नाही. सगळ्यांना माहीत आहे की दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत हे फळ संपणार. वेरूळहून परत येणारा माणूस गाडी थांबवतो, कारण टंचाई खरी आहे.

खरी टंचाई असेल तर जरूर सांगा. उन्हाळ्यातच होणाऱ्या कुरडया, हाताने विणलेली हिमरूची शाल, दिवसाला दहाच होणारे केक, हे सगळं खरं आहे. "ताई, माझ्या एकटीच्या हाताने आठवड्याला बाराच ड्रेस होतात" हे वाक्य कुठल्याही ऑफरपेक्षा ताकदीचं आहे, कारण ते खरं आहे आणि गिऱ्हाईकाला ते दिसतं.

खोट्या टंचाईचं काय होतं? काही जण मला म्हणतील, "सर, चालतं हो ते. मी बोर्ड लावला आणि त्या आठवड्यात गल्ला वाढला." मान्य. पहिल्या आठवड्यात वाढतोच. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये वर्षभर वाढत असेल, कारण तिथे रोज नवीन माणूस येतो. पण आपल्या दुकानात कोण येतं? तीच चार-पाचशे घरं. तीच मावशी सोमवारी 'शेवटचे दोन दिवस' वाचते आणि पुढच्या सोमवारी पोराला शाळेत सोडताना तोच बोर्ड परत बघते. ती भांडत नाही, काही बोलतही नाही. फक्त तुम्ही उद्या "मावशी, हे खरंच चांगलं आहे, घ्या" म्हणालात की तिच्या मनात तो बोर्ड येतो. छोट्या दुकानाचं सगळं भांडवल म्हणजे शब्द. तो आठवड्याच्या गल्ल्यासाठी खर्च करू नका.

आपल्याकडची डिस्कची गोष्ट: २८ रुपये

आता अमेरिकेतून आपल्या देशात या. ज्यांचं वय तीसच्या पुढे आहे त्यांना आठवेल. आपल्याकडे कॅसेटनंतर घरोघर आली ती व्हीसीडी. ओरिजिनल महाग, म्हणून बाजारात सगळी नकली. अशा वेळी २००७ च्या सुमारास मोझर बेअर ही कंपनी उतरली. ही कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणारी. हजारो पिक्चरचे हक्क घेतले आणि ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये असा भाव लावला. नकलीच्याच भावात असली! डिस्कचं दुकान सोडून किराणा आणि स्टेशनरीच्या दुकानापर्यंत माल पोहोचवला. मुलांच्या गोष्टी, गाणी, कार्टून असं सगळं काउंटरवर.

हे त्यांना कसं परवडलं? डिस्कचा कारखाना त्यांचा स्वतःचा होता आणि हक्कांचा खर्च लाखो डिस्कवर वाटला जात होता. हिशेब चुकीचा नव्हता. नकली मालाशी लढायची ही चांगली रीत होती, असं मी आजही म्हणेन.

पण पुढे काय झालं? पेन ड्राइव्ह आला, मेमरी कार्ड आलं, यूट्यूब आलं, २०१६ मध्ये जिओ आलं. डिस्क घालायला घरात मशीनच राहिलं नाही. २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये ती मोडीत काढायचा आदेश निघाला. त्याला एकट्या पिक्चरच्या डिस्क कारण नव्हत्या, मोठं कर्ज होतं, सोलरमधली गुंतवणूक होती. तरी आपल्यापुरता धडा उरतोच: भाव पाडून बाजार मोठा करता येतो, पण ज्या वस्तूवर भाव पाडला ती वस्तूच लोकांच्या घरातून गेली तर मोठा बाजारही काही कामाचा नाही.

याउलट मुंबईचं शेमारू बघा. १९६२ मध्ये ते पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून सुरू झाले. १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागले. १९८७ मध्ये स्वतः कॅसेट काढून विकू लागले. मग व्हीसीडी, डीव्हीडी. २००७ मध्ये 'बाल गणेश' हा कार्टून पिक्चर त्यांनी काढला. २०१४ मध्ये शेअर बाजारात आले आणि २०२० मध्ये 'शेमारू मराठीबाणा' हा चॅनल सुरू केला. पुस्तक गेलं, कॅसेट गेली, डिस्क गेली, पण ते राहिले. कारण त्यांच्या कपाटात डिस्कच्या चळतीसोबत पिक्चरचे हक्कही होते. 'बाल गणेश' काल डिस्कवर होता, आज पोरं तो फोनवर बघतात. पिक्चर तोच.

म्हणून शीर्षकात विचारलेला प्रश्न: तुमच्याकडे पिक्चर आहे की नुसती डिस्क?

बीबीएच्या पुस्तकातली आकृती

बीबीएला आम्हाला प्रॉडक्ट लाइफ सायकलची आकृती शिकवली. वस्तू येते, वाढते, स्थिरावते, मग उतरते. पेपरात दहा मार्कांना हमखास. आकृती बरोबर आहे, पण ती कशाला लावायची हे दुकानात बसल्यावर कळतं. व्हीसीडी आली, वाढली, स्थिरावली आणि मेली. तिला ती आकृती तंतोतंत लागू. 'स्नो व्हाइट'ला मात्र लागू होत नाही. तो १९४४ मध्ये उतरणीला लागायला हवा होता. उलट त्याने फिल्म, कॅसेट, डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि आता मोबाइल अशी पाच वाहनं बदलली.

माझ्या दुकानातलं उदाहरण देतो. अंकलिपी. माझ्या आजीच्या हातात होती, माझ्या हातात होती, आज माझ्याकडे जूनमध्ये सगळ्यात आधी तीच संपते. आतला माल काय? अ आ इ ई आणि पाढे. एक अक्षर बदललेलं नाही. कागद गुळगुळीत झाला, चित्रं रंगीत झाली, फाटू नये म्हणून प्लास्टिकचा थर आला. दर जूनला शाळेत पोरांची नवीन बॅच येते, आणि त्यांच्यासाठी 'अ अननसाचा' अगदी नवा कोरा असतो. डिस्नेला सात वर्षं थांबावं लागायचं, स्टेशनरीवाल्याला एकच वर्ष थांबावं लागतं!

आता त्याच दुकानातलं दुसरं उदाहरण. दर वर्षी एखादं खेळणं येतं, दोन महिने पोरं त्यासाठी रडतात आणि तिसऱ्या महिन्यात फुकट दिलं तरी कोणी घेत नाही. ही झाली डिस्क. डिस्क विकूच नये असं नाही. विका, पण थोडी घ्या, लवकर काढा आणि तिच्यावर कर्ज काढू नका.

चांगला पिक्चर कपाटात राहिला तर

एक मराठी मातीतली गोष्ट सांगतो. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून विभाग उभा राहिला. शिकवायला डिस्नेचा कलाकार क्लेअर वीक्स आला होता. तिथे राम मोहन यांच्यासारखे लोक तयार झाले. पुढे १९७४ मध्ये विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी कार्टून फिल्म केली. दूरदर्शनवर आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती पाहिलीय. म्हणजे माल डिस्नेच्या तोडीचा आणि आठवणही घराघरात.

पण विक्री? फिल्म्स डिव्हिजनच्या डिस्क पेडर रोडच्या ऑफिसमधून मिळायच्या. मराठवाड्यातल्या एखाद्या दुकानात, शाळेच्या गॅदरिंगला बक्षीस द्यायला म्हणून, ती डिस्क मी तरी कधी पाहिली नाही. सरकारी खात्याचं काम विक्री करणं नव्हतं हे मान्य, त्यांना दोष देत नाही. पण आपण दुकानदार आहोत. आपल्या घरात अशा किती 'फिल्म' पडून आहेत? आईचा लोणच्याचा मसाला, ज्याची तारीफ सगळ्या नातेवाईकांत आहे. वडिलांच्या टेलरिंगच्या दुकानातला एक खास कट. दोन वर्षांपूर्वी चांगला चालला होता आणि 'आता जुना झाला' म्हणून बंद केलेला एखादा पदार्थ. हीच तुमची तिजोरी. फरक इतकाच की डिस्नेने ठरवून कुलूप लावलं होतं, आणि आपण किल्ली कुठे ठेवली तेच विसरलोय.

याच राम मोहन यांचं नाव आणखी एका पिक्चरशी जोडलेलं आहे. जपानच्या युगो साको यांच्यासोबत केलेला 'रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स राम'. १९९३ मध्ये आपल्याकडे तो दिल्लीच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला, पण थिएटरमध्ये तेव्हा नीट लागला नाही. नंतर टीव्हीवर सुट्टीत पोरांनी तो पाहिला आणि मनात ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये तोच पिक्चर फोर-के मध्ये साफ करून देशभर थिएटरमध्ये लावला. यूट्यूबवर त्याच्या कॉप्या वर्षानुवर्षं फुकट होत्या, तरीही लोक तिकीट काढून गेले. कोण गेलं? टीव्हीवर पाहिलेली ती पोरं, आता आईबाप होऊन, आपल्या पोरांना घेऊन. इथे टंचाई कुठे होती? कुठेच नाही. आठवण होती, नवीन पिढी होती आणि आधीपेक्षा चांगला माल होता. टंचाईशिवाय री-रिलीज होते, याचा हा आपल्या डोळ्यासमोरचा पुरावा.

तिजोरीची दुसरी बाजू

तिजोरीवाल्यांच्याही दोन गोष्टी तुम्हाला कोणी सांगत नाही, त्या मी सांगतो.

एक. जुन्या नावावर हलका माल विकायचा मोह त्यांनाही झाला. १९९४ मध्ये 'अलादीन'चा दुसरा भाग थेट कॅसेटवर आणला. कमी खर्च, भरपूर विक्री. मग बऱ्याच क्लासिकचा दुसरा-तिसरा भाग निघू लागला, 'सिंड्रेला'चासुद्धा. पैसा आला पण नाव उतरू लागलं. शेवटी २००७ च्या सुमारास नव्या वरिष्ठांनी तो प्रकार थांबवला. तुमच्या चिवड्याचं नाव झालं म्हणून त्याच नावाने बाहेरून आणलेली शेव विकायला लागलात, तर हेच होणार.

दोन. तिजोरी शेवटी उघडावीच लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस ॲप सुरू झालं आणि जुने पिक्चर कायमचे तिथे आले. २०२० मध्ये ते हॉटस्टारमधून आपल्याकडे आलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये डिस्नेने अमेरिका आणि कॅनडातला आपला डिस्कचा धंदा सांभाळायला कोणाला दिला माहितीय? सोनीला. ज्या सोनीवर व्हीसीआरसाठी केस टाकली होती, त्याच सोनीला! डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, पिक्चर स्वतःकडे ठेवले.

आणि ज्यांना वाटतं की जुनी कॅसेट ठेवली की ती सोनं होते, त्यांच्यासाठी. इंटरनेटवर डिस्नेच्या 'ब्लॅक डायमंड' छापाच्या जुन्या कॅसेट हजारो डॉलरला लावलेल्या दिसतात. बातम्याही होतात. पण लावलेला भाव आणि मिळालेला भाव यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. या कॅसेट लाखोंनी छापलेल्या होत्या, त्यातल्या बहुतेक किरकोळ किमतीत जातात. जुन्या मालाची किंमत तो जुना आहे म्हणून वाढत नाही, कोणाला तरी तो हवा असेल तरच वाढते. गोडाऊनमधला पडीक माल 'कधीतरी भाव येईल' म्हणून सांभाळणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवा.

"पण सर..."

"पण सर, गिऱ्हाईकाला रोज नवीनच लागतं." जुन्या गिऱ्हाईकाला नवीन लागतं, हे खरं. पण नवीन गिऱ्हाईकाला तुमचा जुनाच माल नवीन असतो. पडेगाव-मिटमिट्याकडे किती नवीन वसाहती झाल्या बघा. तिथे राहायला आलेल्या घराने तुमची भाजणी एकदा तरी खाल्लीय का? आधी तिथे पोहोचा, मग नवीन पदार्थ शोधा. माझा स्वतःचा नियम असा: दहा रुपयांचा माल भरायचा तर सात रुपये चाललेल्या मालात, तीन रुपये नव्या प्रयोगात. प्रयोग बंद करायचा नाही, पण दुकान प्रयोगावर उभं करायचं नाही.

"पण सर, माझा धंदाच नवीन आहे, माझ्याकडे जुना हिट माल कुठून?" आपल्या भागात ज्याचा कोणी एक मालक नाही असे क्लासिक भरपूर पडलेत. जुन्या पद्धतीच्या गोधड्या, रुखवताच्या वस्तू, घरगुती भाजण्या, आजीच्या बटव्यातली उटणी. ते घ्या आणि त्याला स्वच्छ पॅकिंग, नीट वजन, वेळेवर डिलिव्हरी द्या. १९९३ मध्ये त्यांनी धूळ आणि ओरखडे काढले, तेवढंच आपल्यालाही करायचंय.

"मग सर, कार्टूनचंच काहीतरी करू का? टी-शर्टवर मिकी छापतो, पेन ड्राइव्हमध्ये जुने कार्टून भरून विकतो." थांबा! कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे धंद्यासाठी अशी कॉपी करणं गुन्हा आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. मिकीचं १९२८ चं पहिलं कार्टून २०२४ मध्ये अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळं झालं, अशी बातमी बऱ्याच जणांनी पाठवली. पण ते जुन्या कार्टूनपुरतं. मिकीचं नाव आणि चेहरा ट्रेडमार्क आहे, आणि पुढची रूपं वेगळी. त्या भानगडीत पडू नका. दुसऱ्याच्या पिक्चरची डिस्क बनून काय मिळणार?

या आठवड्याचं काम

एक वही घ्या आणि पानावर चार रकाने पाडा.

१. गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे चांगली चाललेली वस्तू किंवा सेवा.
२. ती कोणी घेतली? पहिलीची पोरं, नवी नवरी, नवीन घर घेतलेले, बाळंतीण?
३. अशा लोकांची पुढची बॅच कधी येणार? जून, लग्नसराई, पाडवा, दिवाळी?
४. यावेळी त्यात कोणती एक सुधारणा करणार? एकच.

तिसरा रकाना नीट भरा. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू करणाऱ्या ताईकडे वर्षभर बॅच येत असते, तिला सीझनच नाही. राख्या करणाऱ्याकडे वर्षातून एकदाच येते. दोघांनी कर्ज काढायची आणि माल भरायची वेळ सारखी कशी असेल? बँकेतल्या साहेबांसमोर बसाल तेव्हा ही वही सोबत न्या. 'खूप चालेल साहेब' यापेक्षा 'मागच्या जूनला एवढं गेलं, या जूनला एवढी नवीन पोरं येणार' हे जास्त पटतं.

चौथ्या रकान्यात किंमतही बघा. 'पिनोकिओ'सारखं, लायब्ररीवाल्याला वेगळा भाव आणि घरच्या माणसाला वेगळा. तुमचा एक किलोचा डबा कार्यालयवाल्याला बरोबर आहे, पण नवीन वसाहतीतल्या दोन माणसांच्या घराला पाव किलोचं पाकीट लागतं.

आणि दुकानाच्या दाराला 'शेवटचे दोन दिवस' लावलेलं असेल आणि ते शेवटचे नसतील, तर आजच काढा. त्या जागी जे खरं आहे ते लिहा: 'मागच्या दिवाळीची भाजणी परत सुरू. यावेळी पाव किलोतही.' एवढं पुरे आहे.

वही भरली की पुढच्या रविवारच्या बॅचला घेऊन या. व्हिडिओत मी तीन-चार वह्या घेऊन आकडे सोडवून दाखवणार आहे, नावं न सांगता. भेटू!